पैलवानाच्या खोडींचा कागद

आमच्या घरात पैलवानाची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली जाते. मी सांगतो तेव्हा मी एका मुक्या जिवाला मरणातून परत आणतो. बायको सांगते तेव्हा मी एका म्हातारीला पोटात सुया घ्यायला लावतो. दोन्ही खरं आहे. मुलं आता मोठी झाली. पाहुण्यांपुढं मी सुरुवात केली की त्यांच्यातलं एक हळूच आईकडं बघतं, आणि मग ती ओले हात पदराला पुसत येऊन बसते. म्हणून एकदाची लिहूनच काढावी म्हटलं. अर्थात लिहिलेलंही ती वाचणार आहेच, तेव्हा फार लांबची थाप मारता येणार नाही.

आणीबाणी उठून गेली होती, नाशिक अजून नगरपालिकाच होती आणि मी जनावरांच्या दवाखान्यात कारकून होतो. कुत्र्यांना घाबरणारा माणूस जनावरांच्या दवाखान्यात लागावा, हा माझ्या नशिबाचा विनोद. दवाखान्याच्या मागं आवारात पाच पिंजऱ्यांची एक शेड होती. शहरातल्या काही दयाळू मंडळींनी वर्गणी काढून ती बांधून दिली होती. टाकून दिलेली, हरवलेली, कुणाला तरी चावलेली कुत्री तिथं यायची. मूळ मालक आला तर त्याच्याकडं, नवा कुणी भेटला तर त्याच्याकडं, आणि दोन्ही नाही झालं तर डॉक्टरसाहेबांची सुई. या सगळ्याची नोंद माझ्या रजिस्टरात. पिंजऱ्यांपुढून जाताना मी ते रजिस्टर छातीशी ढालीसारखं धरत असे.

शेड सांभाळायला पेठकडचा एक म्हातारा होता. भाताची कामं आटोपली की डोंगरातून द्राक्षाच्या कामाला खाली उतरणाऱ्या मंडळींबरोबर तो कधीतरी आला आणि परत गेलाच नाही. सगळे त्याला बाबा म्हणत. बाबाला कुठलंच कुत्रं चावत नसे. विचारलं तर म्हणायचा, "मी त्यांना खोटं नाय सांगत, सायेब. जेवण नसलं तर नाय म्हनून सांगतो." तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याची गंमत आहे.

एका सकाळी बाबा साखळीला धरून एक पांढरं जनावर घेऊन आला. आखूड पाय, पिंपासारखी छाती, अंड्यासारखं लांबट डोकं, त्यात बारीक तिरपे डोळे आणि एका डोळ्यावर काळपट पट्टा. टेबलामागून मी विचारलं, "बाबा, हे डुक्कर इथं कशाला?"

"कुत्रंच हाय, सायेब."

डॉक्टरसाहेबांनी जबडा उघडून दात पाहिले आणि म्हणाले, "बुल टेरिअर. झुंजीसाठी पैदा केलेली जात. लिहा."

देवळाली कॅम्पाकडच्या एका बंगल्यातला भाडेकरू बदली होऊन गेला होता. सामान नेलं, कुत्रं शेजाऱ्याच्या गळ्यात घातलं. शेजाऱ्यानं चार दिवसांत दार उघडं टाकलं. मोकळ्या कुत्र्यानं जवळच्या वस्तीत एक शेळी धरली आणि सोडलीच नाही. लोक काठ्या घेऊन धावले, तर हा गडी माणसांना काहीच करेना. शेळीवरून ओढून काढल्यावर त्यांच्यापुढं खाली बसला आणि शेपूट हलवू लागला. म्हणून तो जिवंत आमच्यापर्यंत पोचला.

डॉक्टरसाहेबांनी आठवडाभर पाहिलं आणि सांगितलं ते मी माझ्या हातानं रजिस्टरात उतरवलं: 'माणसांशी सौम्य. लहान मुलांशीही. शेळी दिसल्यास अनावर. इतर कुत्र्यांशी जमत नाही.' बाबानं त्याचं नाव पैलवान ठेवलं. रोज सकाळी तो शेडपुढं पाय फाकून उभा राहायचा आणि आखाड्यात उतरल्यासारखी मान फिरवायचा, त्यावरून.

मी त्याच्यापासून लांबच राहत होतो. पण एकदा बाबा आजारी पडला आणि पाण्याची बादली द्यायला मला जावं लागलं. मी बादली सरकवली आणि मागं उडी मारली. पैलवानानं पाण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जाळीला अंग टेकवून, सगळा भार टाकून, तो माझ्या बाजूला बसला. जाळीतून त्याची पांढरी पाठ बाहेर आली होती. मी एका बोटानं ती खाजवली. ते एक बोट मला फार महागात पडलं.

कारण महिनाभरानं डॉक्टरसाहेब म्हणाले, "पाचही पिंजरे भरलेत. या पांढऱ्याला कोण नेणार? अशा कुत्र्याला घर मिळत नाही, आणि मिळालं तर ते झुंजी लावणाऱ्याचं. पंधरा दिवस बघा. नाहीतर मी मोकळा करतो त्याला."

मोकळा म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कॉलनीत मी कारकून म्हणून कमी आणि स्थळं जमवणारा म्हणून जास्त ओळखला जायचो. रविवारी विहारातून वंदना आटोपून बाहेर पडलो की दोन-चार आया माझी वाट बघत असायच्या. मुलगा-मुलगी दाखवायची, दोन्हीकडचं बोलणं जुळवायचं, हे मला मनापासून आवडायचं. आणि या कामात काय सांगायचं यापेक्षा काय सांगायचं नाही हे जास्त कळावं लागतं, अशी माझी समजूत होती. मुलगा दोनदा नापास झाला असेल तर 'शिक्षण चालू आहे'. मुलगी तोंडाची फटकळ असेल तर 'मोकळ्या स्वभावाची'. लग्न लागलं की माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, आधी लागू तर द्या, असं मी म्हणत असे. मला हक्कही होता. माझं स्वतःचं लग्न असंच जमलं होतं. माझ्या मामानं मुलीकडं सांगितलं, 'सरकारी नोकरी'. नोकरी सरकारीच होती, फक्त रोजंदारीवर होती. लग्नानंतर महिनाभरानं माझी ऑर्डर संपली आणि मी तीन आठवडे घरी बसलो, तेव्हा बायकोला कळलं की आपल्याला अर्धंच वाक्य सांगितलं गेलंय.

तर अशा अनुभवी माणसानं पैलवानासाठी स्थळ बघायला घेतलं. पाच-सहा ठिकाणी बोललो. एक जण म्हणाला, चेहरा बघून दूधवाला घरात यायचा बंद होईल. एकानं फक्त 'झुंजीत किती वेळ टिकेल?' एवढंच विचारलं. त्याला मी दारातूनच परत पाठवला. हे मी बरं केलं, हे बायकोही मान्य करते.

बाराव्या दिवशी निफाडकडचा एक द्राक्षबागाईतदार आला. तिशीचा, अंगानं दणकट, बोलायला मोकळा. बागेत घड उतरायला आले की रातोरात टोपल्या गायब होत, म्हणून त्याला राखणीला कुत्रं हवं होतं. जीपमधून बरोबर चुलते आणि मेहुणा, असे तिघं जण रीतसर बघायला आलेले. बाबानं पैलवानाला साबण लावून आंघोळ घातली होती. मी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. पैलवानाला आणलं तर तो सरळ चुलत्यांपुढं जाऊन त्यांच्या पायांवर अंग टाकून बसला.

"लय मायाळू हाय की!" चुलते म्हणाले. "तोंड असं का हाय पण?"

"खानदानी आहे," मी म्हणालो. "विलायती जातीत असंच असतं."

बागाईतदारानं कान पाहिले, पंजे पाहिले, मग माझ्याकडं वळला. "भाऊसाहेब, खरं सांगा. खोड काय हाय का?"

मी हसलो. "खोड? खातो जरा जास्त."

सगळे हसले. बाबा हसला नाही. तो खाकरला आणि म्हणाला, "सायेब, ते शेळीचं..."

"बाबा, चहाचं बघा जरा," मी म्हणालो.

बाबानं माझ्याकडं पाहिलं आणि चहाचं बघायला गेला. मी पावती लिहिली. रजिस्टरातलं पहिलं वाक्य उतरवलं, 'माणसांशी सौम्य, लहान मुलांशीही', आणि तिथंच पूर्णविराम दिला. पैलवान जीपमध्ये चढताना मला खरोखर गहिवरून आलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, "आज एक जीव वाचवला."

"शेळ्या आहेत का त्यांच्याकडं?" तिनं विचारलं. तिला मी पैलवानाचं सगळं सांगितलेलं होतं.

"विचारलं नाही."

"आणि तुम्ही सांगितलंत?"

मी हात-पाय धुवायला गेलो.

नवव्या दिवशी सकाळी जीप परत आली. मागं पैलवान, तोंड दोरीनं बांधलेलं. बागाईतदार एकटाच होता. तो ओरडेल अशी मी तयारी केली होती, पण तो ओरडला नाही. टेबलासमोर उभा राहून त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. त्याच्या आईनं दोन शेळ्या पाळल्या होत्या, बागेच्या कडेला. आदल्या दिवशी सकाळी साखळीचा खुंटा उपटून पैलवान एकीवर गेला. आई सोडवायला मध्ये पडली. शेळी गेली. ओढाओढीत आईच्या दंडाला दात लागले आणि ती पडली, तिचं मनगट मोडलं. कुत्र्याचे दात लागले म्हणून आता तिला पोटात चौदा इंजेक्शनं सुरू झालीत. रोज एक.

मग तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या म्हाताऱ्यानं त्या दिवशी शेळीचं काय तरी म्हटलं होतं ना? मी जीपमध्ये पन्नास वेळा आठवलं ते."

मी टेबलावरचं रजिस्टर उघडलं आणि परत मिटलं.

"सांगितलं असतं तर मी शेळ्या थोरल्या भावाच्या वस्तीवर नेऊन बांधल्या असत्या. कुत्रं मला आवडलं होतं. मी नाय म्हटलं नसतं."

तो गेला. मी बराच वेळ त्याच एका वाक्यापाशी बसून राहिलो. 'मी नाय म्हटलं नसतं.' मी ज्याला वाचवणं समजत होतो, त्याची गरजच नव्हती. खरं सांगितलं असतं तर पैलवानाला घर मिळालं असतं, शेळीही वाचली असती आणि म्हातारीही.

डॉक्टरसाहेबांनी माझी पावती मागितली, रजिस्टराशी ताडून पाहिली आणि चष्मा काढला. "तुम्ही कुत्र्याचा जीव वाचवत होता की स्वतः जमवलेलं स्थळ?" असं काहीतरी ते म्हणाले. मग कामाचं बोलले. "दात लागलेत, म्हणजे दहा दिवस त्याला निरीक्षणाखाली ठेवावंच लागेल. दहा दिवसांत ते धडधाकट राहिलं तर ते पिसाळलेलं नाही हे नक्की. मग म्हातारीची उरलेली इंजेक्शनं बंद करता येतील. अकराव्या दिवशी मी त्याला झोपवणार. दोन शेळ्या आणि एक माणूस झालं, आता कोण नेणार त्याला?"

पैलवानाला काही कळलं नव्हतं. तो माझ्या बाजूची जाळी बघून तिला टेकून बसला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती माझ्या मामापासून सुरू करणार. ती म्हणाली, "उद्या सुट्टी टाका. निफाडला जायचंय."

"कशाला? मारतील मला."

"मारू द्या. कुत्रं अजून ठीक आहे हे त्या आजींना कुणी सांगितलं नसेल. रोज सुई घेताना त्यांना काय वाटत असेल?"

एस.टी.त मी खिडकीशी बसलो. दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे मांडव, मध्ये ऊस. मी मनातल्या मनात माफीची चार वाक्यं तयार केली. चारही वाक्यांत परिस्थितीला थोडा दोष होता.

म्हातारी ओसरीवर बसली होती, हात झोळीत, दुसऱ्या हातानं शेंगा फोडत. मुलानं सांगितलं, "आई, ते दवाखान्यातले." तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्योच का, खातो जरा जास्त म्हणणारा?"

माझी चारही वाक्यं गेली. मी म्हणालो, "आजी, मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. चूक माझी आहे."

"मंग सांगितलं का नाय?"

"सांगितलं तर तुम्ही नेणार नाही असं वाटलं. आणि नेलं नाही तर त्याला मारणार होते."

म्हातारीनं दोन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले. मग माझ्या बायकोला विचारलं, "तुझ्या लग्नात बी असंच केलं का गं यानं?"

"यांच्या मामानं," बायको म्हणाली. "पण हे गप्प बसले होते."

म्हातारीला इतकं हसू आलं की झोळीतला हात दुखून ती 'आई गं' म्हणाली. माझी मान खाली होती, पण ओसरीवरची हवा जरा सैल झाली. कुत्रं खातंय-पितंय हे ऐकून म्हातारीच्या चेहऱ्यावरचा ताण गेला हे मी पाहिलं. ती म्हणाली, "रोज सुई घेताना वाटतं, ते पिसाळलं तर मी बी भुंकत मरन. सोड. दहा दिवसांनी काय करनार त्याचं?"

मी सांगितलं.

"त्यानं मला चावलं नाय," ती म्हणाली. "मी मध्ये हात घातला. मी वरडले तसं त्यानं सोडलं आन माझ्याकडं बघत बसला." मग शेंगा बाजूला सारून म्हणाली, "देवळ्याला माझी भाची हाय. नवरा कांद्याच्या ट्रकवर, महिना महिना बाहेर. ही एकटी, कांद्याच्या गोण्या शिवती. येता-जाता माणसं उगीच दारात रेंगाळत्यात. तिच्याकडं ना शेळी, ना कोंबडी. तिला कळवते. पण या बारीला तू बोलायचं नाय. लिहून द्यायचं, बठ्ठं, काय बी न गाळता. आन ती वाचल्याबिगर कुत्रं द्यायचं नाय."

जिचं मनगट मी मोडलं ती बाई माझ्यासाठी स्थळ सांगत होती. इतकी वर्षं हा धंदा केला, पण इतका ओशाळा झालो नव्हतो.

त्या रविवारी बायकोनं फुलस्केप कागद आणि पेन पुढं ठेवलं. "लिहा."

मी लिहिलं: 'शेळीबाबत थोडी काळजी घ्यावी.'

"खोडा ते," ती म्हणाली. "किती शेळ्या मारल्या?"

"दोन."

"मग दोन लिहा."

मी लिहिलं. एकेक ओळ लिहिताना मला वाटत होतं, या ओळीवर भाची नाही म्हणेल. बाबालाही बोलावलं होतं; तो दारात उकिडवा बसून आठवून आठवून सांगत होता. 'शेळी, मेंढी, बकरू दिसलं की ऐकत नाही. दोन शेळ्या मारल्या आहेत. दुसरं कुत्रं चालत नाही. साखळी लोखंडीच हवी, खुंटा खोल हवा. एकदा उपटला आहे. बाहेर नेताना तोंडाला मुसकं बांधावं. मध्ये हात घालू नये. एका आजीला त्यात दात लागले आणि मनगट मोडलं. एकटं ठेवलं तर दार कुरतडतो. माणसांवर कधीही धावला नाही. जाळीला किंवा पायाला टेकून बसतो.'

"आता खाली लिहा," बायको म्हणाली, "जमलं नाही तर केव्हाही परत आणा. रस्त्यावर सोडू नका, दुसऱ्याला देऊ नका. परत आणलं म्हणून आम्ही नावं ठेवणार नाही."

मी पेन खाली ठेवलं. "हे तर कुणी मुलीलाही लिहून देत नाही."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

बाबा दारात बसून पायाच्या बोटांकडं बघत होता. मी ते वाक्य लिहिलं.

निरीक्षणाच्या नवव्या दिवशी भाची एकटीच एस.टी.नं आली. उंच, उन्हानं रापलेली, बोटांच्या पेरांवर दाभणाच्या जुन्या खुणा. डॉक्टरसाहेब मुद्दाम बाहेर येऊन उभे राहिले. मी कागद पुढं केला. ती आमच्या समोर उभ्यानं वाचू लागली. सावकाश, ओठ हलवत. तिला फार वेळ लागतोय असं मला वाटलं. दोनदा ती एकाच ओळीवर थांबली. पैलवान पिंजऱ्यातून आमच्याकडं बघत होता. मी रजिस्टर छातीशी धरलं होतं, पण कुत्र्याच्या भीतीनं नव्हे.

वाचून झाल्यावर तिनं आपल्या अहिराणीत विचारलं, "बठ्ठं लिखेल शे ना? की काही राहिलं?"

"राहिलं नाही," मी म्हणालो.

बाबा म्हणाला, "घोरतो."

"घोरणारं माणूस घरात शेच एक," ती म्हणाली. मग डॉक्टरसाहेबांना म्हणाली, "आता माझंही लिहा. मी तापट शे. पण जनावरावर हात टाकत नाही. नवरा कुत्र्यांना घाबरतो. आठवड्याला बाजाराच्या दिवशी गल्लीतून बकऱ्या जातात. त्या दिवशी मी याला पत्र्याच्या शेडमध्ये आत कोंडीन, स्वतः जवळ बसून गोण्या शिवीन. चालंल?"

डॉक्टरसाहेबांनी मला विचारलंही नाही. ते तिला म्हणाले, "बाई, परवा न्या."

तरी बायकोचं समाधान होईना. दहाव्या दिवशी, पैलवान ठणठणीत असल्याचा दाखला घेऊन आधी निफाडला गेलो. म्हातारीनं तो मुलाकडून वाचून घेतला आणि बोटांवर मोजून म्हणाली, "चार सुया वाचल्या." तिथून पुढं देवळ्याला. बायकोनं भाचीचं घर मुलीचं सासर बघावं तसं पाहिलं. पत्रे हलवले, खुंटा लाथेनं तपासला, शेजारणीला शेळ्या आहेत का विचारलं. शेडमध्ये जुन्या गोण्यांचा छातीइतका ढीग होता. भाची म्हणाली, "इथं झोपंल." त्या दिवशी मी एकही वाक्य बोललो नाही, हे बायको अजून आश्चर्यानं सांगते.

अकराव्या दिवशी सकाळी, जी सकाळ डॉक्टरसाहेबांनी सुईसाठी ठरवली होती, पैलवान देवळ्याच्या कांद्याच्या रिकाम्या ट्रकमध्ये चढला. बाबानं बैलाच्या मुसक्यासारखं दोरीचं मुसकं स्वतः विणून त्याच्या तोंडाला घातलं होतं. कागद भाचीच्या पदराच्या गाठीत. मी या वेळी जीव वाचवल्याचं घरी येऊन सांगितलं नाही. महिनाभर झोपेतून दचकून उठत होतो, एवढंच.

मग पोस्टकार्ड आलं. 'बाजाराच्या दिवशी बकऱ्या गेल्या. हा आतून दाराला डोकं आपटत होता. मी जवळ बसले. आपटून थकला, मग माझ्या पायावर बसला. नवरा आला. दोघं एकमेकांना भितात. काही झालं नाही.'

'काही झालं नाही' ही ओळ मी दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवली. डॉक्टरसाहेबांनी कार्ड रजिस्टरात चिकटवायला सांगितलं. आणि त्यानंतर शेडमधून जाणाऱ्या प्रत्येक जनावराबरोबर असा कागद जाऊ लागला. निम्मे लोक कागद वाचून परत जायचे. पूर्वी मला त्याचं वाईट वाटायचं; हळूहळू कळलं, ते परत गेले हेच बरं झालं. काही जनावरांना कागद असूनही घर मिळालं नाही. तेव्हा डॉक्टरसाहेब सुई भरायचे आणि बाबा डोकं मांडीवर घेऊन बसायचा. ते मी सांगताना गाळतो. बायको गाळू देत नाही.

कॉलनीतली माझी स्थळंही कमी झाली. मी मुलाकडच्यांना सांगायला लागलो की मुलगी फटकळ आहे, आणि मुलीकडच्यांना, की मुलगा नोकरीत कायम झालेला नाही. विहाराबाहेर माझी वाट बघणाऱ्या आया विरळ होत गेल्या. जी लग्नं जमली ती सुखाची झाली असं म्हणवत नाही, पण भांडायला माझ्या दारात कुणी आलं नाही.

चार-पाच वर्षांनी अशाच एका लग्नाला आम्ही देवळ्याला गेलो. हळद उतरल्यावर दुपारी भाचीकडं वळलो. नवरा घरी होता. दारातच म्हणाला, "या, या, तो काही करत नाही," आणि स्वतः दोन पावलं बाजूला झाला. पैलवान गोण्यांवर पसरला होता. तोंडाशी सगळं पांढरं झालेलं, म्हणजे आधीच पांढरं होतं, पण डोळ्यावरचा पट्टाही पिकला होता. तो उठला, जड चालीनं आला, माझ्या धोतराचा वास घेतला आणि माझ्या पायाला टेकून बसला. मी दोन बोटांनी पाठ खाजवली.

भिंतीला खिळ्याला माझा कागद टांगलेला होता, प्लॅस्टिकमध्ये घालून. माझ्या अक्षराखाली भाचीचं अक्षर सुरू झालं होतं, वेगवेगळ्या शाईत. 'पावसात बाहेर जात नाही. पापड वाळत घालू नये. नवऱ्याच्या खाटेखाली झोपतो, तेव्हा नवऱ्याला झोप येत नाही. गेल्या बाजारात एक बकरू दारापुढं थांबलं. याने बघितलं आणि मान वळवली. तरी भरवसा धरू नये.'

बायकोनं कागद शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वरून वाचला. मग पर्समधलं पेन काढून भाचीला विचारलं, "एक ओळ लिहू का?"

"लिखा ना, ताई."

तिनं काय लिहिलं ते मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. 'हा ज्याच्या पायाला टेकून बसलाय तो सुरुवातीला खोटं बोलला होता.'

"अगं, हे कुत्र्याच्या खोडींमध्ये कशाला?" मी म्हणालो.

"कुत्र्याच्या नाही, स्थळाच्या आहेत," ती म्हणाली, आणि कागद पुन्हा खिळ्याला अडकवला.